भूगावमार्गे युरोप

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवून झाला, की आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांकडून एक निबंध लिहून घेतो. काही वर्षांपूर्वी निबंधाला विषय दिला होता : 'युरोपातील एका शहरात दोन दिवस'. वर्गात प्रत्यक्ष युरोप पाहिलेले कोणी नव्हते, शिकवणाऱ्या आम्हा दोघांचीही गत तीच. तरीही वाचलेल्या पुस्तकांच्या आधाराने कल्पनेतला प्रवास लिहावा, शहर पाहावे, तिथले खावे-प्यावे आणि परत यावे, असा आमचा हेतू होता. अपेक्षेप्रमाणे वह्यांतून लंडनचे धुके आले, पॅरिसचा मनोरा आला, व्हेनिसच्या होड्या आल्या. एका वहीत मात्र युरोप पिरंगुटच्या पुढे होता.

तो विद्यार्थी मुळशी तालुक्यातला. त्याने लवासाला जाऊन दोन दिवस काढले होते, म्हणजे शनिवारी जाऊन संध्याकाळी घरी आणि रविवारी पुन्हा. तळ्याकाठच्या रंगीत इमारती, फोटो काढणारी माणसे, उपाहारगृहाच्या दाराशी लावलेला दरफलक वाचून मागे फिरणे आणि मग बाहेर घेतलेले भाजलेले कणीस, असा मजकूर पहिल्या दोन पानांत होता. तिसऱ्या पानावर एकाएकी शेतांची नावे सुरू झाली होती : वडाखालचे, टेपावरचे, ओढ्याकाठचे, देवाचे. ती त्याच्या आजीने सांगितलेली होती, आणि तिला तिच्या सासूने. ही शेते लवासाची नव्हती. ती शेजारच्या खोऱ्यात, मुळशी धरणाच्या पाण्याखाली होती. आम्ही लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि गुण कापले. वही परत घेताना त्या मुलाने वाद घातला नाही. एवढेच विचारले, "मॅडम, ते युरोपात नाही हे मला माहीत आहे. पण मग ते कुठे आहे?"

या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखात ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

*

प्रथम वाटेविषयी. पुण्याहून पश्चिमेला निघालेला पौड रस्ता चांदणी चौक ओलांडून खाली उतरतो, आणि पहिले मोठे गाव लागते ते भूगाव. मानस तलाव, मंगल कार्यालयांच्या कमानी, तालमींचा पिढीजात नाद (२०१७ सालच्या 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेचा आखाडा याच गावात भरला होता) आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या रांगा, असे त्याचे आजचे रूप आहे. आम्हीही त्यांपैकीच एका संकुलात राहतो. आमच्या आजूबाजूच्या इमारतींची नावे पाहिली तर आपण भूमध्य समुद्राच्या काठी राहायला आलो आहोत असा भास व्हावा. तेव्हा पुढे जे लिहिणार आहोत ते दुसऱ्या कोणाच्या भाबडेपणाविषयी आहे, असा वाचकांचा समज होऊ नये.

शनिवारी सकाळी भूगावच्या हमरस्त्याला मोटारींचा जो पूर येतो आणि रविवारी रात्री जो उलटा वाहतो, त्याला 'वीकेंड' म्हणतात. या शब्दाला आम्ही कधी मराठी प्रतिशब्द शोधला नाही, आणि तो नसल्याचे कोणाला दुःखही नाही. पण त्यातला रविवार आपल्याकडे आपोआप आलेला नाही. सरकारी कचेऱ्या आणि मिशनऱ्यांच्या शाळा रविवारी बंद असत. मुंबईच्या गिरण्या मात्र चालू असत. 'दीनबंधु'चे संपादक आणि सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्या मागणीत सांगितले गेले. म्हणजे ख्रिस्ती युरोपाचा सुट्टीचा दिवस जेजुरीच्या देवाच्या नावाने कामगारांनी मिळवला. एखादी परकी गोष्ट आपली कशी होते, याचे हे एक नमुनेदार उदाहरण आहे. पुढच्या विवेचनात ते उपयोगी पडेल म्हणून इथे नोंदवून ठेवतो. आणखी एक गोष्ट अशी, की ज्या गिरण्यांकडून हा रविवार मिळाला, त्यांनाच लागणाऱ्या विजेसाठी पुढे मुळशीचे खोरे बुडाले.

*

निबंधाचा विषय देताना आमच्या डोळ्यांसमोर जी परंपरा होती तिच्याकडेही एकदा पाहिले पाहिजे. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ मध्ये पत्ररूपाने प्रसिद्ध झाला. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे; शीर्षकातले धुके लंडनचे आणि तारा सोव्हिएत रशियाचा. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' ही पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीची आणि १९६० ची. पुढे मीना प्रभूंनी 'माझं लंडन'पासून युरोप मराठी घराघरांत नेला. ही पुस्तके एकमेकांसारखी नाहीत. रमाबाईंचा प्रवास हा एका विधवा, विदुषी स्त्रीने स्वतःच्या निर्णयाचा दिलेला जाब आहे. काणेकरांना राजकीय स्वप्न खुणावते आहे. पुलंना स्वतःचे मध्यमवर्गीय बावरलेपण हाच मोठा विषय सापडला आहे.

तरी या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. प्रवासी जे पाहतो ते तो घरच्या गोष्टींशी ताडून पाहतो. थेम्स पाहताना मुठा आठवते, परका पदार्थ खाताना घरची आमटी आठवते. ही आठवण म्हणजे केवळ गंमत नव्हे. घरचे नाव ठाऊक असल्यावाचून परक्याचे वेगळेपण दिसत नाही. तुलनेला दोन बाजू लागतात. मराठी प्रवासवर्णनाचे सामर्थ्य त्या दुसऱ्या, न पाहिलेल्या बाजूत असते. 'अपूर्वाई' वाचताना युरोपाइतकेच विलेपार्ले आणि पुणे दिसतात ते त्यामुळे.

आता आमच्या विद्यार्थ्याची वही पुन्हा पाहा. तिथे क्रम उलटलेला आहे. मनुष्य घरीच आहे आणि त्याच्या घराजवळ युरोप आणून ठेवला आहे. तुलनेची एक बाजू समोर उभी आहे आणि दुसरी, म्हणजे घरची, पाण्याखाली आहे. त्याने शेतांची नावे लिहिली ती विषयांतर म्हणून नव्हे. ती तुलनेची हरवलेली बाजू होती. आम्ही जी गोष्ट पुलंमध्ये वाखाणतो तीच त्याच्या वहीत ओळखू शकलो नाही.

*

सह्याद्रीत युरोप उभारण्याची कल्पना लवासाकारांची नाही. ती निदान एकशे नव्वद-पंच्याण्णव वर्षांची जुनी आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसवायला घेतले आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून त्यासाठी जागा मिळवली; मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. पेठेला नाव पडले माल्कम पेठ. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने 'शोधले', म्हणजे तिथे आधीपासून वावरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते ठाऊक होते हे हिशेबात धरले गेले नाही.

या गिरिस्थानांवर सर्वांत आधी नावे बदलली. मढी महाल होता तिथे 'आर्थर्स सीट' झाले. आणखी कड्यांना एल्फिन्स्टन, लॉडविक, केट अशी नावे मिळाली, माथेरानात लुइझा आली, तळ्याला शार्लटचे नाव मिळाले. गव्हर्नराच्या मुलीला जिथून दरी सुंदर दिसली ते ठिकाण तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 'पॉइंट' हा शब्दही त्यातलाच. खिंड, कडा, टेप, माळ, पठार, सडा हे शब्द डोंगरात चालणाऱ्या, गुरे नेणाऱ्या माणसाचे आहेत. 'पॉइंट' हा उभे राहून पाहणाऱ्याचा शब्द आहे. एकाच भूभागाचे हे दोन शब्दकोश आहेत, आणि पर्यटनाच्या इतिहासात दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले.

पण महाबळेश्वरी आणखी एक गोष्ट घडली. तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलाई कैदी आणून ठेवले होते. त्यांनी बटाट्याची आणि विलायती भाज्यांची लागवड केली. पुढे स्ट्रॉबेरी आली आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी ती उचलली. आज महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पिकवणारा शेतकरी तिच्याविषयी बोलतो ते रोप, वाफा, काढणी, पेटी या आपल्या शब्दांत. युरोपाने दिलेली 'पॉइंट'ची नावे पाहुण्यांच्या तोंडी राहिली. युरोपाने दिलेले पीक मात्र स्थानिकांच्या हातात आले. एकाच ठिकाणी एकाच काळात आलेल्या या दोन गोष्टींचे भवितव्य इतके निराळे का झाले, हा प्रश्न मनात ठेवून आम्ही गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी भूगावहून निघालो. विद्यार्थ्याला दिलेला विषय आपणच एकदा लिहून पाहावा, हा विचार त्यामागे होता.

*

पिरंगुटला रस्ता फुटतो. डावीकडे उरवडे, मुठा, टेमघर धरण आणि घाट चढून लवासा. सरळ गेले की पौड आणि मुळशी. शनिवारी आम्ही सरळ गेलो.

मुळशीच्या तळ्याकाठी आता रिसॉर्ट आहेत, आणि 'लेक व्ह्यू' या दोन शब्दांनी बहुतेकांच्या पाट्या सुरू होतात किंवा संपतात. पाणी विस्तीर्ण आहे, पलीकडचे डोंगर ढगांत गेलेले असतात, आणि पाहणाऱ्याला हे सारे निसर्गाने असेच निर्माण केले असावे असे वाटते. वास्तविक हे तळे शंभर वर्षांचेच आहे. मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला आणि शहराला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने इथे नीला आणि मुळा या नद्यांचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिऱ्याच्या वीजघरात सोडण्याची योजना आखली. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे तिच्या वाटेत होती. बुडणाऱ्या जमिनी आंबेमोहराच्या खाचरांच्या होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी बांधकामावर ठाण मांडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा होती. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, तुरुंगवास झाले, १९२४ पर्यंत झुंज चालली आणि अखेर खोरे बुडाले.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा असा आहे. पुण्याच्या पुढाऱ्यांचा, जमिनीत हितसंबंध असलेल्या सावकारांचा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्यांचा लढा एकच नव्हता, हे त्यातून स्पष्ट होते. नुकसानभरपाईचा आकडा वाढला की काहींचे समाधान होणार होते. ज्याचे शेत आणि शेताचे नाव दोन्ही जाणार होते, त्याचे होणार नव्हते.

या लढ्याने ज्यांना 'सेनापती' ही पदवी दिली, ते पांडुरंग महादेव बापट युरोप पाहून आलेले होते. पारनेरचा हा तरुण मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ मध्ये अभियांत्रिकी शिकायला एडिंबरोला गेला. शहराच्या माथ्यावर जो डोंगर आहे त्याचे नाव आर्थर्स सीट. महाबळेश्वरातल्या त्या नावाचा मूळ धनी आर्थर मॅलेट मानतात, तरी स्कॉटलंडहून आलेल्या माणसाला ते ऐकून घरच्या डोंगराची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. बापटांनी तिथे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केले, शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाउसशी संबंध आला. पॅरिसला जाऊन त्यांनी हेमचंद्र दास यांच्यासह बॉम्ब बनवण्याची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ते परतले. आमच्या विषयाच्या चौकटीत बोलायचे तर एडिंबरो, लंडन आणि पॅरिस अशी तीन युरोपीय शहरे त्यांच्या पायाखालून गेली होती. तिथून ते मुळशीच्या चिखलात आले, अनेकदा तुरुंगात गेले आणि १९२४ च्या अखेरीस लोहमार्गावरच्या कृतीबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

मराठी माणसाने युरोपाहून काय आणले, याची यादी करताना आपण बहुधा ग्रंथ, विचार, नाट्यतंत्र, कादंबरी यांची नावे घेतो. बापटांनी युरोपाहून एक प्रश्न आणला असे आम्हांला वाटते. शहराला उजेड हवा असेल तर अंधार कोणी सोसायचा, हा तो प्रश्न. स्वतः अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाने तो विचारला, यात त्याचे वजन आहे. पुण्यात त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे आणि शनिवार-रविवारी त्यावरून मुळशीच्या सहलीला मोटारी निघतात. रस्त्याचे नाव आणि रस्त्याचे टोक यांचा संबंध प्रवाशांना क्वचितच ठाऊक असतो.

*

रविवारी आम्ही डावीकडे वळलो.

लवासा ज्या खोऱ्यात आहे त्याचे नाव मोसे खोरे. शिवाजी महाराजांच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी बाजी पासलकर या खोऱ्याचे देशमुख. मोसे नदीवर वरसगाव धरण झाले, त्याच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे नाव देण्यात आले. हे पाणी पुणे शहर पिते. म्हणजे मुळशीचे पाणी मुंबईच्या दिव्यांसाठी आणि मोशाचे पुण्याच्या नळांसाठी. या दुसऱ्या पाण्याकाठी तिसरी योजना आली. राज्य सरकारने १९९६ मध्ये नव्या गिरिस्थानांसाठी विशेष नियम केले आणि २००१ मध्ये मुळशी-वेल्हे भागातल्या अठरा गावांचा परिसर त्यासाठी जाहीर झाला. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या उपकंपनीने तिथे शहर बांधायला घेतले. माल्कमला छत्रपतींशी गावाची अदलाबदल करावी लागली होती, इथे अधिसूचना पुरली. जमिनी कशा मिळवल्या यावर गावकऱ्यांनी आणि जनआंदोलनांनी आक्षेप घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि वर्षभराने अटींसह परवानगी दिली. कर्जाचा डोंगर वाढत गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटी रुपयांचा एक पुनरुज्जीवन आराखडा मंजूर झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तोही रद्द झाला.

'लवासा' हे या खोऱ्यातल्या कोणत्याही गावाचे, नदीचे, देवाचे नाव नाही. ते घडवलेले नाव आहे. कानाला ते कुठलेही वाटते, आणि 'कुठलेही' वाटावे हाच त्याचा गुण. दासवे हे जुने गावाचे नाव मात्र शहराच्या पहिल्या भागाला राहिले आहे.

तळ्याकाठच्या इमारतींचा नमुना इटलीतल्या पोर्तोफिनोवरून घेतलेला आहे, हे सर्वांना सांगितले जाते. पोर्तोफिनो हे लिग्युरिया प्रांतातले कोळ्यांचे छोटे बंदर. वस्ती जेमतेम काही शेकडा. तिथली रंगीत घरे धक्क्याला खेटून उभी आहेत, कारण मागे डोंगर आहे आणि पुढे समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत जाळी, होड्या आणि माणसे मावायची होती. मागचा डोंगर १९३५ पासून संरक्षित आहे. तिथे बांधकामाला कडक निर्बंध आहेत. लिग्युरियात भिंतीवर खोट्या खिडक्या रंगवण्याचीही जुनी रीत आहे, झडपा, चौकटी, सज्जे सगळे रंगाचे. तेव्हा 'हे सारे नकली आहे' एवढे म्हणून लवासाला मोडीत काढणे आम्हांला सोपे वाटत नाही. मूळ गावालाही नकलेचे वावडे नव्हते. फरक असा, की पोर्तोफिनोच्या खोट्या खिडकीमागे खरे घर होते. लवासात आम्ही पाहिल्या त्या अनेक खिडक्या खऱ्या होत्या आणि त्यांच्यामागे कोणी नव्हते.

पावसात भिंतींवर शेवाळ चढले होते. काही इमारतींचे सांगाडे अर्धवट राहून गेलेले. काठावरच्या वाटेवर मात्र गर्दी होती. तरुण मुले, नवविवाहित जोडपी, आजी-आजोबांना घेऊन आलेली कुटुंबे. सर्वांच्या चेहऱ्यावर सुट्टीचा मोकळेपणा. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचे भाडे ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांना रंगीत इमारतींपुढे उभे राहून एक छायाचित्र काढावेसे वाटले, तर त्यात वाईट काय? पण ज्याच्या सांगण्यावरून आम्ही आलो होतो त्या वहीतला प्रश्न पाठ सोडत नव्हता. आम्ही दारावरच्या पहारेकऱ्याला त्याचे गाव विचारले. त्याने हाताने पाण्याकडे दाखवले आणि म्हणाला, "हितंच." अधिक काही विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

*

खाण्याविषयी लिहिल्यावाचून सहल पुरी होत नाही. एका उपाहारगृहात आम्ही पेस्टो घातलेला पास्ता मागवला. तो बरा होता. त्याविषयी बोलता बोलता एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिच्यासाठी सगळा प्रवास सार्थकी लागला. पेस्टो ही पोर्तोफिनोच्याच लिग्युरिया प्रांतातली खासियत. तुळशीच्या कुळातल्या बेझिलची पाने, लसूण, चिलगोज्याच्या जातीचे दाणे, चीज आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात कुटून तो करतात. शब्द आला आहे कुटणे, ठेचणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून. म्हणजे पेस्टो याचा शब्दशः अर्थ 'ठेचा'. लिग्युरियातल्या शेतकरणीने आणि मावळातल्या शेतकरणीने दगडाखाली काहीतरी हिरवे ठेचले आणि क्रियेवरूनच पदार्थाला नाव दिले. तिथे तो पास्त्यात कालवताना जोडीला बटाटा आणि शेंगा घालण्याचीही रीत आहे. दरपत्रकावर हे काही लिहिलेले नव्हते. लिहिले असते तर त्या तळ्याकाठी इटली आणि मुळशी यांची पहिल्यांदा खरी भेट झाली असती.

परतीच्या वाटेवर घाटाखाली टपरीवर गाडी थांबवली आणि वडापाव घेतला. आता व्युत्पत्तीची सवय जडली होतीच. 'बटाटा' पोर्तुगीज, 'पाव' पोर्तुगीज. सोबतची मिरची पोर्तुगिजांच्याच जहाजांतून अमेरिकेहून आलेली. वडा तेवढा आपला. हा पदार्थ १९६० च्या दशकात मुंबईत, दादर-परळच्या गिरणगावात रुळला. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला उभ्याने खाता यावा असा. ज्या कामगारांनी रविवार मिळवला आणि ज्यांच्या गिरण्यांसाठी मुळशी बुडाली, त्यांच्याच वस्तीत युरोपाचे दोन शब्द पचून पूर्ण मराठी झाले. बटाट्याचे अनेकवचन 'बटाटे' होते, सामान्यरूप 'बटाट्या-' होते. त्याला मराठी व्याकरणाचे सगळे नियम लागू आहेत. कोबी, पेरू, चावी, पगार यांचेही तसेच. टपरीवरच्या कोणालाही आपण युरोप खातो आहोत असे वाटत नव्हते.

महाबळेश्वरच्या दोन गोष्टींचा जो प्रश्न आम्ही बरोबर घेऊन निघालो होतो, त्याचे उत्तर इथे टपरीच्या बाकावर हाती लागले. वापरणाऱ्याच्या हातात आलेली परकी वस्तू आपले रूप बदलते, नाव बदलते, प्रत्यय घेते आणि घरची होते. स्ट्रॉबेरी, पाव आणि रविवार या तिन्हींच्या बाबतीत हे घडले, कारण शेतकऱ्याने, भटारखान्याने आणि कामगाराने त्या आपल्या गरजेला वाकवल्या. केवळ पाहण्यासाठी उभी केलेली वस्तू तशीच राहते. ती बदलली तर देखावा बिघडेल अशी धास्ती असते. आणि तिला जागा करून देण्यासाठी बदलावे लागते ते आधीच्यांना. त्यांच्यासाठी त्या नव्या शहरात दाराशी उभे राहण्याची जागा उरते.

*

रात्री भूगावला परतलो तेव्हा रस्ता तुंबला होता. आमच्या संकुलाच्या कमानीवरचे दिवे लागलेले होते. ती वीज कोठल्या पाण्याची, हे आम्ही कधी विचारले नव्हते. कमानीवर नाव होते, कोठल्याशा समुद्रकाठचे. ज्या जमिनीवर हे संकुल आहे तिथे भूगावकरांची खाचरे होती. त्या खाचरांना काय म्हणत, हे दूधवाल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी विचारले. त्यांनी दुधाचे माप खाली ठेवले आणि तीन नावे सांगितली. चौथे त्यांना आठवले नाही. थोरल्या भावाला विचारून सांगतो म्हणाले.

त्या विद्यार्थ्याचे गुण आता वाढवता येत नाहीत. तो पदवी घेऊन गेला, वहीही त्याच्याकडेच आहे. 'मग ते कुठे आहे?' या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ : ते मोसे खोऱ्यात आहे, आणि ते तिथे आहे हे सांगणारा मजकूर अजून फारसा लिहिला गेलेला नाही, तू तो लिहायला सुरुवात केली होतीस आणि आम्ही त्यावर 'विषयांतर' असे लिहिले.

यंदा निबंधाचा विषय बदलला आहे. सुट्टीच्या दिवशी घरापासून कोठेही जा, वाटेत लागलेल्या पाट्या जशाच्या तशा उतरवून घ्या, आणि प्रत्येक पाटीखाली त्या जागेला तिथली म्हातारी माणसे काय म्हणतात ते विचारून लिहा. परदेशी गेलेल्यांनाही हाच विषय. शब्दमर्यादा घातलेली नाही.